टीव्ही किती उंचीवर लावायचा

इस्पितळात तिला सगळे एक्स-रेवाल्या ताई म्हणायचे, आणि होता होता घरीदारी नुसतं ताईच उरलं. एकोणीस वर्षं तळघरातली एकच खोली, एकच दार, तेच शब्द. छाती पाटीला टेकवा, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, झालं, कपडे घाला. दिवसातून साठ-साठ वेळा. ती झोपेतसुद्धा हेच बडबडते अशी आत्याची तक्रार होती, आणि आत्याची तक्रार नाही अशी वस्तू त्या घरात दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती.

माणसं तीनच. ताई, तिचे बाबा आणि बाबांची धाकटी बहीण, ती आत्या. ताईचं लग्न जमलं नाही, आत्याचं जमून टिकलं नाही, आई जाऊन बारा वर्षं झाली. तिघांचं आपलं बस्तान बसलं होतं. सकाळी चहा करताना भांडण, संध्याकाळी टीव्हीच्या आवाजावरून भांडण. आत्याला टीव्ही मोठ्याने लागायचा. कान तिचे ठणठणीत होते हो, पण हळू आवाजात मालिकेतल्या सासूचा राग पोचत नाही असं तिचं म्हणणं.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे, शाळेतल्या वर्गांचे. चाळीस वर्षं लोकांना ‘हलू नका’ सांगण्यात गेली. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि बाबांनी शटर ओढून घेतलं ते कायमचं. पण खोड काही गेली नाही. कुणी नुसता मोबाइल वर उचलला की बाबा जागच्या जागी थिजायचे, डोळ्याची पापणी लवायची नाही. चहाचा कप ओठाशी नेलेला असला तरी तो तिथेच. ‘दादा, तो माणूस फोनवर बोलतोय, तुझा फोटो काढत नाहीये,’ असं आत्या ओरडायची तेव्हा कुठे कप हलायचा.

तर त्या मंगळवारी ताई बाबांना घेऊन आपल्या खोलीत आली. दोन महिने खोकला होता, आणि बाबा ‘जाईल’ म्हणून उडवून लावत होते. तिने उभं केलं, शब्द म्हटले, बटण दाबलं. पडद्यावर बाबांची छाती उमटली. उजवीकडे वरच्या बाजूला एक पांढरा गोळा, आणि मग दोन्हीकडे विखुरलेले लहान लहान ठिपके. एकोणीस वर्षांत असे फोटो तिने किती पाहिले असतील! पाहायचे आणि पुढच्याला हाक मारायची. आम्ही फोटो काढतो, वाचत नाही, हे पेशंटला सांगायचं ठरलेलं वाक्य.

तिने डोळे मिटले, उघडले. मग म्हणाली, “बाबा, अजून एकदा काढू या.”

दुसऱ्यांदाही तेच आलं. त्या दिवशी ती ‘कपडे घाला’ म्हणायला विसरली, आणि बाबा तसेच उघड्या अंगाने पाटीला टेकून उभे राहिले.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं. बाकीच्या तपासण्या करूच, पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच रोज बघता. वर्ष निघालं तरी पुष्कळ. सोमवारी घेऊन या. तोवर तुम्ही घरी जरा कानावर घालून ठेवा, माझ्या तोंडून एकदम नको.

कानावर घालून ठेवा! बोलायला काय जातं? ताईला वाटलं होतं, बाहेर पडल्यावर रडू येईल. नाही आलं. घरी आल्यावर येईल म्हणाली. तेही नाही. दात काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला आहे की दुसऱ्याचा ते कळत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. बुधवारी तिने एकसष्ट फोटो काढले. गुरुवारी भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि आत्याने घर डोक्यावर घेतलं तर तेही तिला लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं. सांगायचं, सांगायचं म्हणून बाबांच्या समोर जाऊन बसायची आणि ‘पाणी हवंय का’ विचारून उठायची.

शुक्रवारी टीव्ही गेला. जुना खोका, मागे कुबड असलेला. मधोमध एक आडवी पांढरी रेघ, वर अंधार, खाली अंधार, आणि आतून सासू बोलतेय! आत्याने थपडा मारल्या, आवाज अजून वाढवून पाहिला. एरवी बाबा ‘दुरुस्त होईल’ म्हणाले असते. दहा वर्षं हेच म्हणत आले होते. त्या दिवशी म्हणाले, “नवा घेऊ. भिंतीवर लावायचा, चपटा. मोठ्ठा घेऊ.”

“दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?” आत्याला आनंद झाला की ती असंच बोलायची.

ताईने मनाशी ठरवलं, टीव्ही घेऊन होऊ दे, मग सांगू.

शनिवारी तिघं दुकानात गेली. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच चित्र: पोपट उडतोय, मध सांडतोय, फुलं उमलतायत. विक्रेता गळ्यात टाय बांधलेला, भारी उत्साही. त्याने कुठला पडदा किती इंच, कुठल्यात किती रंग, सगळं एका दमात सांगितलं.

बाबा म्हणाले, “पोपट राहू दे. माणूस दाखवा.”

“काका, डेमोमध्ये माणूस नाही.”

“मग काय उपयोग? पोपट कुठल्याही रंगाचा खपतो. मधाचा रंग कोण तपासायला जातंय? माणसाच्या कातडीचा रंग चुकला की सगळं चुकलं.”

विक्रेत्याने बिचाऱ्याने एकेका टीव्हीवर बातम्या लावल्या. बाबा हात मागे बांधून एकेका बातम्या देणाऱ्या बाईसमोर उभे राहिले. पहिलीला बघून म्हणाले, “हिला कावीळ झालीय.” दुसरी फार गुलाबी. तिसरीपाशी थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, “ही ठीक आहे. फक्त थकलीय.” आत्याला तोंडावर पदर धरावा लागला, एवढं हसू आलं.

ताई मात्र रंग बघत नव्हती. सवयच तशी, ती काळं बघत होती. काळं खरंच काळं दिसतंय, की राखाडी, एवढंच तिला कळत होतं. तिच्या कामात सगळं त्यावर असतं. बातम्या संपून पडदा क्षणभर काळा झाला आणि त्या काचेत तिला ती आणि बाबा शेजारी शेजारी उभे दिसले. बाबांनीही ते पाहिलं. सवयीने त्यांनी तिच्या हनुवटीला बोट लावून ती जरा वर केली.

“हाच,” बाबा म्हणाले.

विक्रेत्याने कागद काढले. “काका, वर्षाची वॉरंटी आहेच. थोडे जास्त दिलेत तर पाच वर्षांची होते. पाच वर्षं डोक्याला ताप नाही!”

“घेऊ,” ताई म्हणाली. इतक्या झटक्यात, की आत्याने वळून पाहिलं. हीच ताई, कोथिंबिरीच्या जुडीवरून अर्धा तास घालणारी!

बाबा शांतपणे म्हणाले, “घ्या. पण कागद हिच्या नावाने करा. पुढे काही बिघडलं तर फोन हीच करणार.”

ताईला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या दिवसांत तिला कशातच काही वाटत नव्हतं. सही कर म्हटलं, तिने केली. घरी आल्यावर तिने पुन्हा ठरवलं: बसवून होऊ दे, मग सांगू. आता कुणी म्हणेल, सांगून टाकायचं ना एकदाचं. म्हणणाऱ्याचं काय जातंय? जिला सांगायचं असतं तिची जीभ टाळूला चिकटते.

रविवारी सकाळी दुकानाचा माणूस टीव्ही बसवायला आला. ड्रिल काढलं, पट्टी काढली, भिंतीवर पेन्सिलने खूण केली. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बरोबर समोर, सगळ्या घरी लावतात तशी. आत्या स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चहा टाकत होती. ताई सांडलेली धूळ गोळा करायला वर्तमानपत्र घेऊन उभी होती.

“खाली घ्या,” बाबा म्हणाले.

“किती खाली, काका?”

बाबा उठले, समोरच्या भिंतीला लागून असलेल्या दिवाणापाशी गेले आणि सरळ आडवे झाले. उशी मानेखाली ओढून घेतली. तिथून त्यांनी हात लांब करून बोटाने भिंतीवरची जागा दाखवली, कॅमेऱ्यामागून लोकांना ‘थोडं डावीकडे’ सांगायचे तशी. “अजून खाली. अजून. हां, तिथे.”

माणूस हसला. “अहो काका, इतका खाली कुणी लावत नाही. लोक टीव्ही बसून बघतात. झोपून फक्त आजारी माणूस बघतो.”

“तेच तर सांगतोय,” बाबा म्हणाले. “लावा.”

ड्रिल सुरू झालं. ताईच्या हातातल्या वर्तमानपत्रावर विटेची लाल भुकटी पडायला लागली. तिने बाबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. ड्रिल थांबलं तेव्हा ती दिवाणाच्या कडेवर येऊन टेकली आणि अगदी हळू म्हणाली, “बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तूच.”

“मी कधी?”

“दोनदा काढलास ना फोटो.” बाबा अजून छताकडेच बघत होते. “चाळीस वर्षं तोच धंदा केलाय मी. दुसरा फोटो दोनच कारणांनी काढतात. एक, समोरचा हलला म्हणून. आणि मी काही हललो नव्हतो, ताई.”

ताईच्या तोंडात एकच वाक्य तयार होतं, एकोणीस वर्षांचं. “आम्ही फोटो काढतो, बाबा. वाचत नाही.”

“ठाऊक आहे. म्हणून तर विचारलं नाही तुला. पाच दिवस माझ्यासमोर येऊन बसतेस आणि पाणी विचारतेस. पाणी पिऊन पिऊन पोट फुगलं माझं.” ते जरा हसले, हसताना खोकला आला, तो त्यांनी बसू दिला. “उद्या डॉक्टर सांगतील तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करीन. तुझी नोकरी आहे तिथे, तुझ्याकडे बोट नको. बाकी मला भीती वाटते, नाही असं नाही. पण भिंतीकडे बघत पडून राहायची जास्त वाटते.”

तेवढ्यात टीव्ही लागला. माणसाने रिमोट आत्याच्या हातात दिला, चहा प्यायला, पेटी उचलून गेला. आत्याने उभ्याउभ्याच आपली वाहिनी शोधली आणि आवाज चढवला. मग ती मागे सरकली, पुढे आली, कमरेवर हात ठेवले.

“हा कुणी एवढा खाली लावायला सांगितला? सोफ्यावर बसून माझी मान मोडेल ना!”

“मी सांगितलं, आत्या,” ताई म्हणाली.

“तुझं डोकं—”

“मीच सांगितलं.”

आत्या पुटपुटत सोफ्यावर बसली. पडद्यावर सासू कुणाला तरी घराबाहेर काढत होती, चेहऱ्याचा रंग अगदी बरोबर होता. ताई दिवाणाच्या कडेवर तशीच ताठ बसली होती, हनुवटी वर, खांदे पुढे. बाबांनी आडव्याआडव्याच तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि तळघरातल्या त्या खोलीत ती रोज साठ वेळा म्हणते त्याच सुरात, हळूच म्हणाले, “सोडा आता श्वास.”

तिने सोडला. त्याच्याबरोबर घशातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही, आणि एकदा निघाला तो थांबेना. आत्याने दचकून मागे पाहिलं, रिमोट चाचपडला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन टीव्हीचा आवाज बंद केला.