जोडताऱ्यांतलं लोखंड

बाळंतपणासाठी मी जिंतूरला माहेरी यायला निघाले, तेव्हा माझे पीएचडीचे सर म्हणाले की आता काही महिने संशोधन बाजूला ठेव. मी हो म्हणाले आणि साड्यांच्या पिशवीत लॅपटॉप घातला.

माझं काम जोडताऱ्यांवर होतं. वायूच्या एकाच ढगातून जन्मलेले, एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. ताऱ्याचा प्रकाश फाकवला की त्याच्या रंगपटात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. त्या मोजल्या की ताऱ्यात लोखंड किती, कॅल्शियम किती, ते काढता येतं. मोठ्या दुर्बिणींनी घेतलेले रंगपट इंटरनेटवर मिळतात, त्यामुळे जिंतुरात बसूनही हे जमतं. एका कुशीतल्या दोघांची घडण सारखीच असणार, असं साधारण धरून चालतात. माझ्या जोडीतल्या एका ताऱ्यात मात्र लोखंड जास्त निघत होतं.

लेक दोन महिन्यांची झाल्यावर मी सरांना फोन करून हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मोजण्यात तुझं काहीतरी चुकतंय, लेक मोठी होऊ दे, मग बघू. फोन ठेवला आणि मला रडूच आलं. आई तिथंच लेकीला तेल लावत बसली होती. तिनं विचारलं, तसं मी सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही.

“तुला काय वाटायलंय? चुकलंय तुझं?”

“न्हाई.”

“मंग बस मोजायला. लेकराचं मी बघते.”

लेकीची अंघोळ, शेक-शेगडी उरकून ती झोपली की मी माळवदाखालच्या थंड खोलीत बसायची. सोयाबीनची मळणी चालू होती. शेजारच्या मळणीयंत्राचा भुस्सा खिडकीतून आत यायचा, लाईट जायची, मोबाईलवरचं नेट रांगत चालायचं. संगणकानं आपोआप मोजलेल्या रेषा मी टाकून दिल्या आणि एकेक रेष हातानं मोजली. मग माझी पद्धतच तपासायची ठरवली. एका लघुग्रहावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश घेतला आणि तो सूर्याचाच आहे हे विसरून मोजला. उत्तर सूर्याचंच आलं. म्हणजे पद्धत खरी होती. त्याच जोडीचे दुसऱ्या दुर्बिणीचे रंगपट शोधून काढले. फरक तिथंही तोच.

आणि तो नुसत्या लोखंडाचा नव्हता. कॅल्शियम, टायटॅनियम, ॲल्युमिनियम, खडकात घट्ट बसणारी सगळी मूलद्रव्यं त्या एका ताऱ्यात जास्त होती. कार्बनसारखी, सहज वाफ होऊन जाणारी द्रव्यं दोघांत सारखीच. मोजण्यातली चूक अशी निवडून-टिपून होत नाही. बहुधा त्या ताऱ्यानं कधीकाळी आपलाच एखादा खडकाळ ग्रह गिळला होता.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आपलंच लेकरू खाल्लं म्हण की,” आणि नातीला जरा जवळ ओढून घेतलं.

आकडे सरांना पाठवले. आठवडाभर उत्तर नाही. नंतर विभागाच्या ऑनलाईन बैठकीत मला मांडणी करायला सांगितली. सगळ्यांनी प्रश्न विचारले. दोन प्रश्न चांगलेच खोचक होते. मी एकेक आकडा दाखवत उत्तरं दिली. शेवटी सरांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, त्यांनी स्वतः या रेषा पुन्हा मोजून पाहिल्या होत्या.

“मी हिला चूक म्हणालो होतो. चूक माझी होती. आता लिहायला घे.”

नियतकालिकानं माझा शोधनिबंध स्वीकारल्याचं कळलं तेव्हा लेक भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. वडील बाजारातून पेढे घेऊन आले. आईनं ताट भरलं आणि गल्लीत घरोघरी गेली. मी लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होते. समोरच्या काकूंना आई सांगत होती ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

“माझ्या पोरीनं चांदण्यांतलं लोखंड मोजलंय. घ्या, तोंड गोड करा.”