हॉकीच्या मॅचची सकाळ

हे मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, शाळेतल्या ज्या मैत्रिणीला मी पाठदुखीपासून सासरच्या कटकटीपर्यंत सगळं सांगते, तिच्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला सोपं जातंय की काय, कोण जाणे. पण गंमत बघा — गंमत कसली, लाजच म्हणा — सांगायला बसले आणि आधी आठवलं काय? तर तो गोल. अंगावर अजून काटा येतो हो!

टोकियो ऑलिम्पिकची गोष्ट आहे. कोरोनामुळे एक वर्ष पुढे ढकललेलं, मग दुसऱ्या वर्षी रिकाम्या स्टेडियममध्ये झालं, तेच. मी सारंगखेड्याच्या अलीकडे एका गावात राहते, जवळच्या हायस्कूलवर खेळ शिकवते. म्हणजे तेव्हा शिकवत काहीच नव्हते. शाळा बंद, मैदानात कमरेएवढं गवत. बी.पी.एड.ला असताना दोन वर्षं मी हॉकी खेळलेली, लेफ्ट हाफला. आमच्याकडे खो-खो, कबड्डी चालते. हॉकी म्हटलं की पोरी विचारतात, ती काठी मारायची का? त्यामुळे हॉकीचं वेड माझं एकटीचंच.

ऑलिम्पिक व्हावं की न व्हावं, यावर आमच्या घरात वर्षभर भांडण चाललं. घरात आम्ही तिघं — माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, दादा, त्यांची बायको आक्का, आणि मी. मिस्टर नोकरीच्या गावी अडकलेले. आक्का रोज बातम्या बघून कपाळाला हात लावायची. "लोके मरी ऱ्हायनात, आन यास्ले खेळ सुची ऱ्हायना!" मला तोंडात गुळणी धरून बसणं जमत नाही. मी तावातावाने सांगायची — अगं आक्का, तिथे रोज थुंकीची तपासणी होते, खेळाडू आपल्या खोलीतून थेट मैदानावर, बाहेर फिरणं बंद. चार-पाच वर्षं घाम गाळून आलेला माणूस, पण पॉझिटिव्ह निघाला की सरळ घरी. शिस्त म्हणतात ती ही! प्रत्येकाने स्वतःचं खरं सांगितलं, तर जगातली कुठलीही स्पर्धा होऊ शकते. हे वाक्य माझं. किती वेळा म्हटलं असेन! पंचायतीच्या ओट्यावर, दूध घालायला गेले तर तिथे, सर्व्हेला गेले तर तिथेही.

सर्व्हेचं सांगायला हवं. आम्हा शिक्षकांना घरोघर फिरायची ड्यूटी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात बोटाला लावायचं ते मशीन. ताप आहे का? खोकला? वास येतो का? चव लागते का? गावातल्या एकूण एक माणसाला मी हे विचारलं आहे. म्हाताऱ्या बायका हसायच्या, "मॅडम, शेणना वास ई ऱ्हायना ना, बस!" पण माझ्या शब्दाला वजन होतं. कोरोनाचं काहीही असलं की गाव म्हणायचं, मॅडमला विचारा.

आता वळसे पुरे. — नाही, अजून एक सांगते, कारण त्याशिवाय त्या दिवसांतला माझा जोश तुम्हाला कळायचा नाही.

आपल्या मुलींची टीम पहिल्या तीन मॅच हरली होती. तीनच्या तीन! मी जेवण सोडायची बाकी होते. मग चौथी जिंकल्या, पाचवी जिंकल्या, आणि शनिवारी रात्री दुसऱ्याच कुठल्या तरी मॅचचा निकाल आपल्या बाजूने लागला आणि आपण उपांत्यपूर्व फेरीत! समोर ऑस्ट्रेलिया. सोमवारी सकाळी साडेआठला. मी घरभर नाचले. इन्व्हर्टरचं पाणी तपासलं, डिशचा रिचार्ज तपासला, दादांना बजावलं की सोमवारी सकाळी मोटरची लाईन चालू करताना आमची लाईट घालवू नका.

आणि त्याच रात्री आक्काने ठेच्यासाठी तव्यावर हिरव्या मिरच्या टाकल्या. धूर झाला, आक्का खोकत अंगणात पळाली, मीही मागोमाग पळाले. ठसका लागला, डोळ्यांना धार लागली. पण वास? वास कुठे होता?

मी परत आत गेले. हिंगाची डबी नाकाला लावली. काही नाही. डब्यातलं घासलेट हुंगलं. काही नाही. अंगही दिवसभर मोडून आलेलं होतंच, ते मी उन्हावर ढकललं होतं. मी गावाला जो प्रश्न विचारत फिरले, त्याचं उत्तर तिथे चुलीपुढे उभ्या उभ्या मला मिळालं होतं. दुसऱ्या कुणाला शंका घेता आली असती. मला शंका नव्हती.

माडीवर खोली रिकामी होती. मी कितीतरी घरांत अशा खोल्या रिकाम्या करायला लावल्या होत्या — ताट दाराशी ठेवा, चौदा दिवस कुणी आत जायचं नाही. मग मी का नाही गेले? टीव्ही खाली मधल्या खोलीत होता, म्हणून? मॅच मोबाईलवर दिसली असती की, अडकत अडकत का होईना. नाही. खरं ते सांगते. मला ती मॅच एकटीने बघायची नव्हती. बस, एवढंच. वीस वर्षं मी एकटीने हॉकी बघितली होती, आणि या वेळी मला शेजारी कुणीतरी ओरडायला हवं होतं.

सोमवारी सकाळी मी आक्काला हाताला धरून टीव्हीपुढे आणून बसवलं. ती भाकरी अर्धी टाकून आली. "आपल्या पोरी कोनत्या व?" तिने विचारलं, आणि मी तिला सगळं समजावलं, पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय, गोलकीपरचे पाय एवढे जाड का दिसतात. माझ्या तोंडावर मास्क नव्हता. घरात कोण लावतो?

आमचा सालदार सायसिंग तेव्हा गोठ्यातून ओट्यावर आला. सालदार म्हणजे आखाजीपासून आखाजीपर्यंत, अक्षय्यतृतीया ते अक्षय्यतृतीया, वर्षभर एका घरी शेतीचं काम करणारा माणूस. सायसिंग धडगावकडचा, आमच्याकडे सहावं साल. त्याचा भाऊ सुरतेला कापड मिलमध्ये. त्याला बघायला गेला होता आणि आदल्या संध्याकाळीच रेल्वेने परतला होता. मी हाक मारली, "सायसिंग, ये, बघ आपल्या पोरी!" तो आत आला नाही. तोंडाला गमछा बांधलेला, खिडकीबाहेर उभा राहून बघत होता. मीच त्याला कधी तरी शिकवलं होतं, बाहेरगावाहून आलं की चार दिवस लांब राहायचं. त्याने ते पाळलं.

आणि मग — दुसऱ्या क्वार्टरमध्ये पेनल्टी कॉर्नर! आपल्या मुलीने चेंडू जमिनीसरपट असा काही खेचला, की बाई, फळी वाजली तेव्हाच कळलं गोल झाला म्हणून! मी किंचाळले. आक्काला मिठी मारली, गालाला गाल लावून ओरडले, तीही ओरडली, खिडकीबाहेर सायसिंगने शिट्टी मारली. पुढचा तासभर आमचा जीव टांगणीला. ऑस्ट्रेलियाला कॉर्नरवर कॉर्नर मिळत होते आणि आपली गोलकीपर भिंतीसारखी उभी. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आक्का रडत होती. खेळ सुचतात कसे म्हणणारी आक्का! मी तिचे डोळे माझ्या पदराने पुसले.

त्या सकाळइतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. अजूनही नाही झाला. हे मी लपवत नाही.

गुरुवारी आक्काला ताप आला. शनिवारी मशीनवर आकडा ब्याऐंशी दिसला. गाडी करून नंदुरबारला नेली. अठरा दिवस ऑक्सिजनवर होती. आमची सगळ्यांची तपासणी झाली. आक्का पॉझिटिव्ह, मी पॉझिटिव्ह, दादा निगेटिव्ह. सायसिंगही निगेटिव्ह.

तरी गावात बोलणं एकच — सुरतेहून सालदाराने आणला. दुसरं कोण बाहेर गेलं होतं? दादा रात्रंदिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून खंगले होते. ते घरी आले, माझ्या दारासमोर लांब उभे राहिले. मी तेव्हा माडीवरच होते, अगदी नियमाप्रमाणे. त्यांनी विचारलं, "तो निगेटिव्ह शे म्हनतस. पन त्यानाकडथीन व्हई सकस का? तू सांग, तुले समजस."

ते मला विचारत होते. मॅडमला. सायसिंग खाली अंगणात उभा होता, मान वर करून. त्यालाही माझ्याच तोंडून ऐकायचं होतं. तोही माझ्यावर विसंबला होता.

मी म्हटलं, "होऊ शकतं. अंगात होऊन गेलेला असला तर तपासणीत येत नाही."

दोन वाक्यं. घाबरून तोंडातून निसटली म्हणावं, तर तसंही नाही. सगळा हिशेब मनात करून बोलले. मिरच्यांचं, हिंगाच्या डबीचं, मिठीचं — ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता त्याची गरजही उरली नव्हती.

दादांनी त्याच दिवशी त्याचं साल मोडलं. भर श्रावणात. तुम्ही इकडचे नसाल तर सांगते, साल मधेच मोडलेल्या माणसाला पुढच्या आखाजीपर्यंत कुणी दारात उभं करत नाही. काहीतरी केलं असेल, असंच धरून चालतात. आणि याने तर, गावाच्या लेखी, घरात मरण आणलं होतं. सहा वर्षं ज्या बैलांना त्याने पोरांसारखं सांभाळलं, त्यांच्या अंगावरून हात फिरवून तो निघून गेला. मी माडीच्या दारातून बघितलं. हाक मारायला तोंड उघडलं का? नाही.

आक्का घरी आली, पण दम गेला तो गेलाच. दोन पायऱ्या चढली की बसते. ती सगळ्यांना सांगते, सायसिंगचं नाव घेऊन सांगते, आणि मी शेजारी बसून मान डोलावते. पॅरिसचं ऑलिम्पिक आलं, तेव्हा मुलांच्या मॅचला मी पुन्हा ओरडले, पुन्हा नाचले. माझं काहीच अडलं नाही.

गेल्या वर्षी विसरवाडीला बस चहाला थांबली. मी उतरले, तर एका हॉटेलच्या मोरीवर भांडी घासणारा माणूस हात पुसत धावत आला. सायसिंग! केस पांढरे झालेले. त्याने मला खुर्ची दिली, स्वतः चहा आणला, माझ्यासमोर उभाच राहिला. आक्काची विचारपूस केली. बैलांची केली. मग मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मन्हामुळे आक्कास्ले तरास व्हयना. मले काय ठाऊक, मन्हा आंगमा व्हता म्हनीसन. मनमा ठेवू नका."

ड्रायव्हरने हॉर्न मारला नव्हता अजून. वेळ होता. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. चहा गरम होता.

मी म्हटलं, "जाऊ दे सायसिंग. आम्ही तुला केव्हाच माफ केलंय."

त्याचा चेहरा असा काही फुलला! त्याने दोन्ही हात जोडले आणि मला बसच्या दारापर्यंत सोडायला आला.