मुंग्यांनी अडवलेलं काँक्रीट

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्रेनच्या भारावरून मालकाशी माझी हुज्जत चालली होती. तेवढ्यात निपाणीहून आक्कांचा फोन आला. कट करणार होते, पण का कोण जाणे, उचलला.

“बाई, कामात हायसा का? मी त्या लोखंडातला स्पंज काढाय लावलाय बघा. आत मुंग्या हुत्या. जित्या जीवास्नी सिमिटात गाडायचं व्हय?”

मी क्रेनचे कागद मिटले.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. आक्का म्हणजे आमचे क्लायंट अण्णा, त्यांच्या आई. घर जैनांचं. देवाच्या डोक्यावर कुणी वावरू नये म्हणून देवघर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दर्शन झाल्याशिवाय आक्का तोंडात पाण्याचा थेंब घालत नाहीत. गुडघे गेले, पण नेम काही सुटला नाही. जिना बसत बसत चढायच्या, वर पोहोचेतो दुपार व्हायची. तोवर उपाशी. म्हणून अण्णांनी घराला लागून लिफ्ट उभारायची ठरवली.

लिफ्ट ज्या रुळांवरून सरकते ते रूळ शाफ्टच्या भिंतींना घट्ट धरून ठेवावे लागतात. काँट्रॅक्टर बसवराज म्हणाला होता, “भिंत झाल्यावर ड्रिल मारू की म्याडम.” पण भिंती कमी जाडीच्या, आत सळ्यांची दाटी. ड्रिल नेमकं सळीवरच आपटलं असतं. म्हणून मी अँकर चॅनेल निवडले. चॅनेल म्हणजे काँक्रीट ओतण्याआधीच बसवायची लोखंडी पन्हळ. मागचे पाय काँक्रीटमध्ये रुततात, तोंड बाहेर राहतं. त्यात बोल्ट घालायचा, हवा तिथे सरकवायचा आणि आवळायचा. पत्रा वाकवून केलेले स्वस्त चॅनेलही मिळतात, पण लिफ्टचे हादरे रोजचे, म्हणून मी गरम रोल केलेले जाड घेतले.

चॅनेलच्या पोकळीत फोम भरलेला येतो, काँक्रीटची रबडी आत शिरू नये म्हणून. फोम नसेल तर पन्हळीचा दगड होतो आणि बोल्ट जात नाही. मी तपासून गेले तेव्हा फोम जागेवर होता. त्या दिवशी काँक्रीट ओतायचं होतं, त्यामुळे शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, एव्हाना बंद झालं असणार. चॅनेलचं तोंड त्या साच्याला चिकटलेलं. बाहेरून कुणाला काय कळणार?

बसवराजला फोन लावला. “मिक्सर बंद कर.”

“म्याडम, माणसं उभी हाईत. त्यो स्पंज पॅकिंगचा न्हवं का? मला वाटलं, काढायचाच असतोय.”

“शटरिंग खोल. मी निघाले.”

निपाणीत पोहोचले तर चॅनेल घासलेल्या भांड्यासारखे लख्ख. नवा फोम पुण्याहून येणार, कधी ते देव जाणे. शेवटी अण्णांनी डेकोरेशनच्या दुकानातून थर्माकोल आणला. आक्कांनी ओट्यावर बसून विळीवर त्याच्या पट्ट्या कापल्या. बसवराजनं त्या ठासून भरल्या आणि वरून टेप चिकटवली. मात्र आक्कांची अट होती, प्रत्येक चॅनेल आधी मऊ कुंच्यानं झाडायचा.

“आक्का, एकबी मुंगी न्हाय आता.”

“तुला दिसंना म्हंजे न्हाय व्हय रं? झाड!”

बसवराजनं कुंचा पुन्हा फिरवला.

शटरिंग निघेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. टेप फाडली, थर्माकोल उकरला. बोल्ट आत गेला, फिरला आणि पक्का बसला. सगळ्याच चॅनेलमध्ये बसला. बसवराजनं शिट्टी मारली. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

लिफ्ट सुरू झाल्यावर अण्णांनी मला सकाळी नाश्त्याला बोलावलं. आक्का वर गेल्या, दर्शन घेऊन खाली आल्या आणि कोवळ्या उन्हात पाणी प्यायल्या. 

मी म्हटलं, “आक्का, तुमचे उपकार आहेत. त्या दिवशी तुम्ही फोन केला नसता तर भिंती फुकट गेल्या असत्या.”

“आता गं बाई! तुमची वस्तू काढली, तर तुमास्नी सांगाय नगो?”

साइटवर काय बसवलं ते सगळेच सांगतात. काय काढलं ते सांगणारं माणूस इतक्या वर्षांत मला हे एकच भेटलं. तेव्हापासून शटरिंग बंद होताना मी तिथे असते आणि प्रत्येक चॅनेलच्या फोमात बोट खुपसून बघते. आणि क्लायंटच्या आईचा फोन कट करत नाही.