भिंगरीचे सात तास

चार वर्षांची असताना तिला हे नाव पडलं. जेवायला बसली की दोन घासांच्या मध्ये उठून खिडकीपर्यंत जाऊन यायची. वडील म्हणाले, हिच्या पायाला भिंगरी लावूनच पाठवलंय. पायाची भिंगरी नावाला चिकटली ती कायमची. धाकटी भावंडं भिंगरीताई म्हणू लागली, आणि छप्पन्न वर्षांची झाली तरी घरी दारी तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही.

बसायची सवय तिला लागणार तरी कशी? पाच भावंडांत ती थोरली, आणि ती बारा वर्षांची असताना आई अंथरुणाला खिळली. पुढची तीन वर्षं भिंगरी शाळेत पळाली, दुकानात पळाली, आईच्या हाकेला पळाली. नंतर इस्पितळात एक्स-रे काढायच्या खोलीत लागली आणि एकतीस वर्षं तिथेच राहिली. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर शिशाचा जड ॲप्रन, कोपऱ्यात उंची कमी असणाऱ्यांसाठी लाकडी पायरी, आणि जाड काचेमागे तिची उभं राहायची जागा. दिवसाला साठ माणसं. "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका." काचेमागे एवढं म्हणतानाही तिची टाच जमिनीवर टकटक वाजत असायची.

तिचा नवरा तिच्या अगदी उलट. तो सरकारी मोजणीदार होता. उभा जन्म त्याने तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात घालवला, आणि निवृत्त झाल्यावर त्याच तिपाईच्या सवयीने कॅमेरा घेतला. एका पक्ष्यासाठी चार-चार तास दगडासारखा बसायचा. घरी येऊन म्हणायचा, "आज आला नाही," आणि वर खुशीत असायचा. भिंगरीला ही खुशी आयुष्यात कळली नव्हती.

वसंतात तीही निवृत्त झाली. तीन महिन्यांत तिने स्वयंपाकघरातली फळ्या-कपाटं चार वेळा हलवली. मोजणीदाराने चहाचा डबा उघडला तर आत शर्टाची बटणं. त्याने झाकण पुन्हा लावलं. त्याला ठाऊक होतं, ही हलवाहलव डब्यांसाठी नाही.

झालं होतं असं. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात भिंगरीने त्याला बळेच इस्पितळात नेलं होतं, कारण त्याचा खोकला जात नव्हता. छातीचा फोटो तिने स्वतःच काढला. उजव्या बाजूला, वरच्या बरगडीखाली, वाटाण्याएवढा ठिपका. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जुनाच असेल, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मोजणीदाराने ते 'बहुतेक' उचललं आणि निश्चिंत झाला. भिंगरीच्या वाट्याला 'पुन्हा बघू' आलं.

त्या सहा महिन्यांतले दहा-पंधरा दिवस उरले असताना लेकीने परस्पर दोघांसाठी समुद्रकाठी पाच दिवसांची खोली ठरवली. फोनवर म्हणाली, "आई, घरात राहिलीस तर भिंती खरवडशील. बाबांना पानगळीचे फोटो काढायचेत. तू जा सोबत. आणि त्यांना जरा बसू दे."

खोली एका उतारावर होती. खाली काळा, फुटलेला, दातेरी किनारा, वर मैलोगणती मोकळं रान. नेचे गंजल्यासारखे तांबूस झाले होते, दगडी कुंपणांना वारा टेकून बसला होता, आणि झाडांवर होती नव्हती ती पानं रोज थोडी कमी होत होती. घरमालकीण धिप्पाड, मोजकं बोलणारी. पहिल्याच दिवशी दाराच्या मागच्या बाजूला टाचलेल्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "भरतीच्या वेळा. बघून जात जा."

मोजणीदाराने चष्मा लावून कागद वाचला. भिंगरी तोवर पायऱ्या उतरून अंगणात पोचलीसुद्धा.

पहिले दोन दिवस दोघांनी एकमेकांचा जीव खाल्ला. तो कुंपणाच्या आडोशाला बसे, ती त्याच्याभोवती घिरट्या घाली.

"झालं का?"

"अगं, आत्ताच तर बसलो."

"पाऊण तास झाला. गार दगडावर बसलाय. खोकाल."

"तू बोललीस की पक्षी उडतात."

"उडू देत! सकाळपासून अकरा वेळा खोकलात तुम्ही."

त्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. "मोजतेस?"

ती रानात निघून गेली आणि दोन तासांनी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतली. जेवताना दोघेही वाटीतल्या सूपकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी उजाडताच ते कड्यावर गेले. कलहंसांचे थवे समुद्रावरून रानाकडे येतात, सकाळच्या उन्हात पोटं सोन्यासारखी दिसतात, असं घरमालकीण म्हणाली होती. मोजणीदाराने तिपाई रोवली. त्याचा खोकला सुरू झाला. एक, दोन, तीन. भिंगरी उठली.

"मी जरा खाली जाऊन येते."

"लांब जाऊ नकोस," तो भिंगावरून डोळा न काढता म्हणाला.

ओहोटी होती. किनाऱ्यापासून ओल्या खडकांचा एक बांध थेट समुद्रात गेला होता, आणि त्याच्या टोकाला घराएवढा उंच कातळ होता. डोक्यावर गवताची टोपी घातल्यासारखा. तिथपर्यंत जायचं आणि परतायचं, भिंगरीने ठरवलं. शेवाळावरून घसरत, शिंपल्यांवर हात खरचटून घेत ती पोचली. पोचल्यावर पलीकडची बाजू बघावीशी वाटली. तिकडे एका खाचेत सीलचं पिल्लू पहुडलं होतं, पांढरंशुभ्र, काळ्या डोळ्यांचं. ती त्याच्याकडे बघत राहिली. किती वेळ, ते तिला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठेतरी रमली, आणि तेच नडलं.

वळून आली तर बांध गायब. खडकांच्या जागी पांढरं पाणी उसळत होतं.

तिने एक पाय घातला. लाटेने पोटरी अशी खेचली की ती मागे आपटली. फोनला रेंज नव्हती. तिने हाका मारल्या. वाऱ्याने त्या तोंडातच कोंबल्या. मग कड्याकडे बघून दोन्ही हात हलवायला लागली.

वर मोजणीदार उभा राहिलेला तिला दिसला. एवढ्या लांबून काडीएवढा. त्याने उजवा हात सरळ वर केला आणि सावकाश खाली आणला. पुन्हा वर. पुन्हा खाली.

भिंगरीने ती खूण ओळखली. लग्नाच्या पहिल्या वर्षी, त्याचा मदतनीस आजारी पडला होता तेव्हा, आठवडाभर ती त्याच्यासाठी शेतात मोजणीची पट्टी धरून उभी राहिली होती. लांबून बोलता येत नसे, म्हणून हातांच्या खुणा. हात असा वर-खाली म्हणजे वर चढ. मग त्याने दोन्ही हात आडवे पसरले आणि तसेच ठेवले. म्हणजे, जागा सोडू नकोस.

ती वर चढली. गवतावर येऊन बसली. गवत आहे म्हणजे इथपर्यंत पाणी येत नाही, हे त्याने वरून ताडलं होतं. तिच्या ते नंतर लक्षात आलं.

तेव्हा साडेनऊ वाजले होते. मोजणीदाराने वरून फोन केला आणि दहाच्या सुमारास कड्यावर घरमालकीण आली, मग नारिंगी जाकिटातला किनाऱ्यावरचा पहारेकरी आला. त्यांचं काय बोलणं झालं ते भिंगरीला पुढे कळलं. लाटा अशा की होडी कातळाला लावणं म्हणजे होडी फोडणं. बाई वर कोरडी आहे, तर पाणी उतरेपर्यंत तिथेच राहू दे. उतरेल साडेचारला.

सात तास! भिंगरीने आयुष्यात सात तास झोपसुद्धा घेतली नव्हती. गवताची टोपी होती नऊ पावलं लांब आणि पाच रुंद. पहिला तासभर ती नऊ पावलं गेली आणि नऊ पावलं आली. मग निसरड्या कडेवर पाय सटकला, तशी ती मुकाट्याने मधोमध बसली.

बसली, आणि इतके दिवस जिच्यापासून पळत होती ती गोष्ट येऊन शेजारी बसली. तो ठिपका. ती त्याला रोज मनात मोठा करत होती. घरातली त्याची खुर्ची रिकामी, तिपाई भिंतीला टेकवलेली, असं सगळं तिने कधीच बघून घेतलं होतं. रडायचं तेवढं राहिलं होतं. ते तिने तिथे केलं, मोठ्याने, नाक गळेपर्यंत. ऐकायला खाली सीलचं पिल्लू होतं, आणि तेही झोपलं होतं.

डोक्यावरून कलहंस गेले. कड्याकडे बघितलं तर तिपाईचं भिंग हंसांकडे वळलेलं नव्हतं. ते तिच्यावर रोखलेलं होतं. घरमालकीण दोनदा येऊन गेली, पहारेकरी बसला, उठला, पुन्हा बसला. मोजणीदार मात्र उभाच. मधूनमधून हात आडवे पसरायचा. तीही पसरायची.

साडेचारला खडकांची डोकी वर आली. पहारेकरी कमरेला दोर बांधून आला आणि तिला हाताला धरून घेऊन गेला. वाळूवर मोजणीदार उभा होता. त्याने तिच्या अंगावर आपला कोट टाकला आणि एकदम कडाडला, "अक्कल गहाण टाकलीस का? वेळा लिहिल्या होत्या दारावर!" एकतीस वर्षांच्या संसारात तो एवढ्या मोठ्याने कधी बोलला नव्हता. पहारेकरी अवघडून बुटातली वाळू झाडू लागला.

"चुकलं," भिंगरी म्हणाली. हेही पहिल्यांदाच.

खोलीत गरम पाण्यात पाय सोडून बसल्यावर तिने त्याचा कॅमेरा ओढून घेतला. दिवसभरात तीनशेच्या वर फोटो. सगळे तिचे. गवतावर लाल ठिपक्यासारखी ती, तिचं लाल जाकीट. आणि एकूण एक फोटो हललेला, पुसट, दोन-दोन कडांचा.

"तिपाईवर होता ना कॅमेरा?"

"होता."

"मग?"

"तिपाईला धरूनच उभा होतो," तो म्हणाला. "तू जवळ दिसावीस म्हणून भिंगातून बघत होतो. बोट आपोआप दाबलं जात होतं. हात ऐकेना."

भिंगरीने पुन्हा पहिल्यापासून सगळे फोटो बघितले. मग कॅमेरा बाजूला ठेवला. "मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "त्या ठिपक्याची. तुम्ही असे निवांत असता की मला एकटीलाच भ्यावं लागतं."

"निवांत कुठला," मोजणीदार म्हणाला. "मी चार-चार तास बसतो तेव्हा तुला काय वाटतं, पक्ष्याचाच विचार करतो?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. बाहेर घरमालकीण कुत्र्याला ओरडत होती.

उरलेले दोन दिवस त्यांनी रानात काढले. भिंगरी काही शहाणी झाली नाही. वीस मिनिटं बसायची, मग उठून पुढच्या कुंपणापर्यंत जाऊन यायची. पण आता जाताना कुठे जाते ते सांगायची, आणि तोही कधीकधी तिपाई खांद्यावर टाकून तिच्यामागून निघायचा. धापा टाकत म्हणायचा, "हळू चाल की जरा."

घरी आल्यावर नवव्या दिवशी तपासणी झाली. फोटो भिंगरीच्या जागी आलेल्या मुलीने काढला. भिंगरी बाहेर बाकावर बसली होती, हातात त्याचा कोट घेऊन. ठिपका होता तेवढाच होता. डॉक्टर म्हणाले, वर्षाने या.

इस्पितळाच्या दारात मोजणीदाराने कोट घातला. "चल, बस पकडू."

"चालत जाऊ," भिंगरी म्हणाली. "मागच्या रस्त्याने. तिथे झाडांची पानं अजून पडायची आहेत."

"कॅमेरा घरी आहे माझा."

"राहू दे," म्हणत ती रस्ता ओलांडायलाही लागली होती.