साखरखेर्ड्याचं पोसोले

जालन्याची एसटी सुटायची वेळ झाली होती आणि माझी माय कंडक्टरशी भांडत होती. कारण होतं एक पत्र्याचा डबा. कंडक्टर म्हणत होता, डबा टपावर टाका. माय म्हणत होती, डब्यात सांडगे आहेत, चुरा होईल.

"पोरगी अमेरिकेले चालली माही," तिने शेवटचा हुकमी पत्ता टाकला.

"जाऊ द्या ना बाई," कंडक्टर म्हणाला. "मी तं जालन्यापर्यंतच जातो."

सगळी गाडी हसली. डबा माझ्या मांडीवर आला. त्या हशात रडायचं राहूनच गेलं. खिडकीतून बाबांचा हात दिसला, मायचं लुगडं दिसलं, आणि मी डबा सावरत साखरखेर्डा सोडलं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. माझं लग्न नुकतंच झालेलं. नवरा बुलढाण्याच्या मास्तरांचा मुलगा, शेतीच्या यंत्रांचा इंजिनियर, तो आधीच पुढे गेला होता. बाबांचं शेवटचं वाक्य होतं, "पाणी उकळून पेजो." मायचं होतं, "पोटभर खाय. तिथी काय भेटते काय मालूम."

तिची ही काळजी अगदीच उगाच नव्हती. अमेरिका आम्हाला माहीत होती ती रेशनच्या दुकानातून. तिकडून मिलो नावाची लाल ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना माय रोज त्या देशाचा उद्धार करायची. ते लोक हेच खाऊन राहतात आणि म्हणून असे पांढरेफटक पडलेत, असा तिचा पक्का समज होता. आता तिची पोरगी तिथंच चालली होती.

आम्ही राहायचो कॅलिफोर्नियातल्या एका शेतीच्या गावात. चहूकडे टोमॅटोची शेतं आणि मध्ये टोमॅटो डबाबंद करण्याचा कारखाना, जिथे हे कामाला होते. घर म्हणजे लुपे नावाच्या मेक्सिकन बाईच्या परसातल्या दोन खोल्या. लुपे पन्नाशीची, आडव्या अंगाची, विधवा. तिच्याकडे कोंबड्या होत्या, मोठा आवाज होता, आणि इंग्रजी अजिबात नव्हतं. मी मॅट्रिक झालेली. इंग्रजी कवितेचा भावार्थ मी लिहू शकायचे, पण मीठ मागायची वेळ आली की घशातून शब्द फुटत नसे. त्यामुळे आमचं उत्तम जमलं. ती स्पॅनिशमध्ये बोलायची, मी वऱ्हाडीत, आणि ऐकू येत नसल्यासारख्या दोघीही ओरडून बोलायचो. भाजी, कोंबडी, ऊन आणि नवरे एवढ्या विषयांना तेवढं पुरतं.

पहिल्याच थंडीत मला ताप भरला. चार घास पोटात जाईनात. हे कामावर जाताना लुपेला खुणेने काहीतरी सांगून गेले. दुपारी ती दार ढकलून आत आली, हातात भलामोठा वाडगा. त्यात लालभडक रस्सा. रश्श्यात कोंबडीचे तुकडे आणि लाह्यांसारखे फुललेले, तरी मऊ, मक्याचे टपोरे दाणे. वरून बारीक चिरलेला कच्चा कोबी, मुळ्याच्या चकत्या, कांदा. तिने माझ्यासमोर लिंबू पिळलं आणि म्हणाली, "पोसोले."

मी एक घोट घेतला. वाळल्या लाल मिरचीचा तो रस्सा होता. गावी आप्पाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, परसात तीन दगडांच्या चुलीवर कोंबडी करायचे, त्याचा थेट मावसभाऊ. मला हुंदका आला. लुपेला वाटलं, तिखट लागलं. ती धावत जाऊन दूध घेऊन आली. मी दूध प्याले आणि जास्तच रडले. मग तिने पाव आणला, मग आइस्क्रीम. शेवटी काहीच चालेना तेव्हा तीही माझ्याजवळ बसून रडायला लागली. तिला तिचं गाव आठवलं असावं. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा दोन बायका हातात हात घालून मुसमुसत होत्या. ह्यांनी दारातच टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मी बरी झाल्यावर लुपेने मला ते शिकवायला बोलावलं. ओट्यावर पांढरी भुकटी होती. वासानेच ओळखली, चुना! मला वाटलं, बाई जेवणाआधी पान लावणार. मी विड्याची पानं कुठे दिसतात का ते शोधू लागले. तिने तो चुना पाण्यात कालवला, वाळलेला मका त्यात ओतला आणि गॅसवर चढवला. चुन्यात मका उकळला की दाण्यावरची जाड साल सुटते. ती पाण्यात चोळून काढायची, मका चार पाण्यांनी धुवायचा, मग तो कोंबडीच्या रश्श्यात तासन्‌तास शिजवायचा, फुलून येईपर्यंत. उकळताना जो वास सुटतो तो दिवाळीआधी भिंती पांढऱ्या केल्या की घराला येतो तो. पुढे दर थंडीत मी ते करू लागले, आणि तेवढा दिवसभर किचनमध्ये दिवाळी यायची.

काही वर्षांनी मी पहिल्यांदा घरी आले, एकटीच. ह्यांचा टोमॅटोचा सीझन होता. खरं तर ह्यांना तोंड दाखवायचं नव्हतं. कारखान्याने त्यांना कायमचं घेतलं होतं आणि आम्ही तिथेच राहायचं ठरवलं होतं. ही बातमी घरी कोणी सांगायची यावर आमच्यात बरीच चर्चा झाली आणि हे म्हणाले, "तूच सांग. तुला बोलणं छान जमतं." इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं माझं पहिलं कौतुक.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा मला घरामागे घेऊन गेले. जमिनीवर फक्कीने चौकोन आखलेला होता. "हे तुमची खोली," ते म्हणाले. "परत आले की लागनच ना. जावईबापूले वाचाले इथी टेबल. खिडकी पुर्वेले ठेवू का दक्षिणेले?"

मी म्हणाले, "पूर्वेला." दुसरं काय म्हणणार? त्यानंतर रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचं. आणि रोज बाबा त्या चौकोनात उभे राहून खोली किती हवेशीर होईल ते दाखवायचे. त्यात मायचा प्रश्न चालूच होता, "तू तिथी खातं तरी काय?" एके दिवशी बाबांनी मला दाराची चौकट निवडायला बोलावलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आज नको. आज मी तिकडचं जेवण करणार आहे, सगळ्यांसाठी."

तासाभरात अर्ध्या गावाला कळलं की सुमन अमेरिकेचा रस्सा करून राह्यली.

मिरच्या मी लुपेकडून आणल्या होत्या. मका मिळाला तो बैलांसाठी ठेवलेला, पिवळा, खड्यासारखा टणक. काकू म्हणाली, "येवढी शिकली-सवरली, अन् ढोराचा खुराक रांधाले निंगाली." मग मी चुना मागितला. काकूने कनवटीची डबी काढून बोटावर थोडासा दिला. मी म्हणाले, वाटीभर पाहिजे. आप्पाकाका मोठे तत्पर. ते गोठ्यातून बादलीच घेऊन आले. भिंतींना लावून उरलेला कळीचा चुना, चांगला निवळलेला. मी खूश होऊन मका त्यात टाकून चुलीवर चढवला.

उकळी आली आणि झाकण काढलं तर मका निळा.

आभाळासारखा निळा. भिंती चकाकाव्या म्हणून काकांनी चुन्यात नीळ कालवली होती. शेजारच्या बाया बघायला आल्या. एकीने विचारलं, "तिथी असाच राह्यते का?" मका बैलांपुढे टाकला, त्यांनीही तोंड फिरवलं. शेवटी काका पानाच्या दुकानातून खायच्या चुन्याचा डबाच घेऊन आले. दुकानदाराने विचारलं होतं म्हणे, "लगन हाये का घरी?"

दुसरा मका नीट उकळला. साली सोडवायला मी विहिरीजवळ परात घेऊन बसले. माझी माय माळकरी, कोंबडीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. पण मक्याला काय हरकत? ती समोर येऊन बसली आणि पाण्यात दाणे चोळू लागली. पांढऱ्या साली तरंगून वर येत होत्या.

मग परातीतून नजर न उचलता ती म्हणाली, "तुम्ही वापस येऊन नाई राह्यले ना?"

माझे हात थांबले. म्हणाले, "नाही माय."

ती चोळतच राहिली. एक दाणा तिने बोटांत दाबून पाहिला, परत पाण्यात टाकला.

"मंग हे नीट चोळ," ती म्हणाली. "तिथीच राहाचं हाये तं तिथलं रांधनं धड याले पाह्यजे. अर्धी साल तशीच ठेवली तुनं."

मी मान खाली घालून चोळू लागले. परातीत डोळ्यांतलं पाणी पडत होतं ते तिला दिसत होतं, पण तिने पदराने फक्त स्वतःचं नाक पुसलं. थोड्या वेळाने म्हणाली, "तुह्या बाबाले मी सांगतो. तू नको सांगू. तुले चौकटच निवडता येत नाई."

तिकडे परसात काकांनी कोंबडा आणला होता. मी कोवळी कोंबडी सांगितली होती. काकांनी मान राखायचा म्हणून आळीतला सगळ्यात थोर कोंबडा आणला, ज्याच्या आरवण्यावर पूर्वी आमची शाळेची वेळ ठरायची. तो शिजेना. मकाही फुलेना. जेवण दुपारचं ठरलं होतं. लोक आले, बसले, पानसुपारी झाली, गप्पा संपल्या, काही जण घरी जाऊन भाकर खाऊन परत आले. दिवेलागणीला पंगत बसली तेव्हा मका जेमतेम फुलला होता आणि कोंबडा तसाच ताठ होता.

मी वाटीवाटीवर कोबी, मुळा, कांदा घातला, लिंबू पिळलं. ओरेगॅनो नव्हता, म्हणून ओवा चोळून टाकला. बाबा काय म्हणतात म्हणून सगळे त्यांच्याकडे पाहत होते. आप्पाकाकांनी घास तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिले.

"रस्सा बेस हाये," शेवटी ते म्हणाले. "पन थो कोंबडा अजून अमेरिकेले जाले तयार नाई."

हसता हसता लोकांना ठसका लागला. कच्चा कोबी बहुतेकांनी गुपचूप बाजूला काढला, मका मात्र वेचून वेचून खाल्ला. बाबांनी एक वाटी संपवली, दुसरी मागितली. मायने त्यांना सांगितलं होतं हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. दुपारपासून ते घरामागे गेले नव्हते. दुसरी वाटी संपल्यावर त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थे खोली मी बांधतो. मका ठेवाले पाह्यजेच."

काकांनी उगाच चुलीतलं लाकूड मागे-पुढे केलं.

मायने साली काढतानाच थोडा मका वेगळा काढून ठेवला होता. दुसऱ्या सकाळी तिने तो आपल्या पद्धतीने शिजवला. काळा मसाला, शेंगदाण्याचा कूट, चिंचेचा कोळ, वरून कोथिंबीर. रात्रभर भिजून मका आता छान फुलला होता. माझ्या वाटीत वाढताना ती म्हणाली, "तुह्या त्या बाईले सांग, कोंबडं कायले लागते?"

मी परतल्यावर सांगितलं. लुपेच्या धर्मात इस्टरच्या आधी उपासाचे दिवस येतात, शुक्रवारी मांस चालत नाही. तेव्हा मी तिला मायचं ते खाऊ घातलं. तोवर दोघींनाही एकमेकींचं थोडंफार कळू लागलं होतं. तिने वाडगा चाटूनपुसून संपवला आणि विचारलं, हे कुठल्या गावचं?

"साखरखेर्डा."

"साकारकेर्दा," ती म्हणाली, आणि विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. तिच्या गावाच्या पलीकडे डोंगर आहे, त्याच्या मागे हे गाव असणार. तिथला एक माणूस तिच्या थोरल्या बहिणीला सांगून आला होता. चांगले लोक आहेत तिथले, ती म्हणाली, फक्त जरा हट्टी.

मी नाही म्हटलं नाही. लोकांचं वर्णन तर बरोबरच होतं.

आता लुपे नाही, माय-बाबाही नाहीत. चुलतभाऊ सांगतो, घरामागच्या खोलीत पोती ठेवतात, आणि पूर्वेच्या खिडकीतून सकाळी त्यांच्यावर छान ऊन येतं. तुम्ही जे तिथे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांनी मला कधी ना कधी विचारलं आहे की तुझं घर नेमकं कुठलं. मला याचं उत्तर नीट देता येत नाही. पण थंडी पडली की मी गॅरेजमधल्या मोठ्या शेगडीवर चुन्यात मका चढवते आणि साली चोळायला चाळिशी ओलांडलेल्या माझ्या दोन्ही मुलींना बसवते. त्या दोघी फोन बाजूला ठेवून, कुरकुरत बसतात. मग त्याच मक्याची दोन भांडी होतात, एकात कोंबडी, दुसऱ्यात काळा मसाला. धाकटी परवा म्हणाली, "मम्मी, एवढं कशाला चोळायचं? कॅनमध्ये सोललेला मिळतो की."

मी तिच्या हातातला दाणा घेऊन पाहिला. अर्धी साल तशीच होती. मी तो परत पाण्यात टाकला.