डाव्या हाताला चेकर

माझ्या बाबांनी जन्मभर लाल बस चालवली, आणि त्यातली बरीच वर्षं बांदा, सातार्डा, आरोंदा, शिरोडा याच रस्त्यावर. एका अंगाला तेरेखोलची खाडी, मध्ये कांदळवन, शेवटी शिरोड्याची मिठागरं. गळ्यात दुर्बिणी अडकवून लोक कुठून कुठून येतात तिथे पक्षी बघायला. आणि या माणसाने तिथला एक बगळा म्हणून डोळ्यांनी बघितला नव्हता. मला पक्ष्यांचं वेड लागलं तेव्हा मी मोठ्या हौसेने त्यांना विचारायला गेले, तर म्हणाले, आसत मां, भरपूर आसत, कंडक्टर सांगायचो.

हे कंडक्टरकाका म्हणजे बाबांचे ड्युटीवरचे जोडीदार. आता नाहीत. दुपारच्या फेरीला बस अर्धी रिकामी, जी माणसं असतील ती पेंगत असायची. तिकिटं फाडून झाली की काका ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभे राहायचे आणि बाहेरचं सगळं बाबांना सांगायचे. पक्ष्यांची नावं त्यांनीच ठेवलेली. राखी बगळा म्हणजे चेकर, कारण तो कडेला आपला कशाशी संबंध नाही असा उभा असतो आणि एकदम झडप घालतो. ढोकरी म्हणजे विदाउट तिकीट. मान खांद्यात घालून चिखलात अशी बसते की दिसत नाही, पळायला उठली की पांढरे पंख उघडे पडतात. पंख पसरून खांबावर ऊन खाणारा पाणकावळा रजेवर. आणि लांब लाल पायांचे शेकाटे, ते उभे प्रवासी. काका सांगायचे आणि बाबा मान तसूभरही न वळवता म्हणायचे, "बरो आसा." झालं, एवढंच त्यांचं पक्षीनिरीक्षण.

निवृत्त झाल्यावर तरी बघतील म्हणावं, तर आम्ही इन्सुलीला राहतो आणि बाबा घरून निघाले तर नाक्यापर्यंत, चहाच्या टपरीवर. मग दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की कडेचं आधी जातं, समोरचं बराच काळ राहतं, आणि गेलेलं परत येत नाही. थेंब चुकवू नका आणि मान वळवून बघायची सवय लावा. बाबा शांतपणे म्हणाले, समोरचा रवता मां, मगे बस झाला. मला मात्र घरी येईपर्यंत धीर धरवेना. बगळे काय रस्त्याच्या मधोमध उभे राहतात? ते कडेलाच असतात. आणि कडच जाणार होती. जाण्याआधी या माणसाने ते एकदा तरी बघावेत, एवढंच माझं म्हणणं होतं.

म्हणून दर रविवारी मी त्यांना गाडीत घालून शिरोड्याला न्यायला लागले. आईला सांगायचं निमित्त माशांचं. आई म्हणायची, बांद्याच्या बाजारात काय मासे मिळत नाहीत? तिला सगळं कळत होतं, तरी पिशवी मात्र न चुकता हातात द्यायची.

आता ड्रायव्हरला शेजारच्या सीटवर बसवून गाडी चालवायची म्हणजे काय शिक्षा असते, ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. बाबांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असायचा. वळण आलं की दाबला, कुत्रं दिसलं की दाबला. गियर बदल, हॉर्न मार, त्या टेम्पोच्या मागे लागू नको. मी म्हणायची, बाबानू, डावीकडे बघा, केवढा थवा आहे. ते म्हणायचे, फुडे खड्डो आसा. मी गाडी थांबवून दुर्बीण हातात द्यायची, तर त्यातूनही हे समोरचा रस्ताच बघायचे. माझा स्वभाव आधीच तापट. पिशवीभर बांगडे आणि डोकंभर राग घेऊन मी परत यायची आणि आईशी भांडायची.

एका रविवारी आरोंद्याच्या अलीकडे खाडीच्या काठाला जांभळा बगळा उभा होता. जांभळा बगळा सहसा गवतात दडलेला असतो, हा चक्क उघड्यावर, मान लांब काढून. मी बाबांना सांगता सांगता स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले आणि गाडीचं डावं चाक डांबरावरून खाली उतरलं. घसरलो नाही, नशीब. मी गाडी थांबवली. बाबांचा चेहरा पांढराफटक. मग मला जे काही ऐकवलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं लक्षात राहिलं.

"ड्रायव्हरान रस्तो बघूचो. भायरचा कंडक्टर सांगता."

मी पण काही कमी नाही. मी म्हटलं, "माझ्या गाडीत कंडक्टर खंय आसा? माका कोण सांगतलो?"

 बाबा सीटवर जरा सरळ झाले, पट्टा नीट केला आणि म्हणाले, "मी आसंय मां."

इतके रविवार मी नुसती बघा बघा करत होते, त्याने काही झालं नव्हतं. पण ड्युटी म्हटल्यावर बाबा कधी मागे हटलेले नाहीत. त्या दिवसापासून ते कंडक्टर झाले. डॉक्टरांनी सांगितली होती तशी मान खांद्यापर्यंत वळवून आधी डावी बाजू धुंडाळायची, मग उजवी. पक्षी दिसला की डॅशबोर्डवर एक टकटक, म्हणजे गाडी थांबव. बघून झालं की दोन, म्हणजे डबल बेल, चल. पहिल्या पहिल्यांदा सिमेंटची गोणी, कपडे वाळत घातलेली काठी, असं काहीही बघून मला थांबवायचे. मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या. बाबा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. बसच्या मागे किती हॉर्न ऐकले असतील त्यांनी!

मग सातार्ड्याच्या पुढे एका ओहोटीला पहिला खरा चेकर मिळाला. चिखलात एकटा उभा होता. बाबांनी टकटक केली, मी थांबले, आणि तेवढ्यात तो उडाला. ते राखी पंख उघडत गेले, उघडतच गेले, आणि तो आमच्या टपावरून संथपणे पलीकडे गेला. बाबा खिडकीतून डोकं काढून बघत होते. किती वेळ आत आलेच नाहीत.

"केदो मोठो आसता गो," ते म्हणाले. "तेणा माका कधी सांगूक नाय."

इतकी वर्षं त्यांच्या मनातला चेकर कोंबड्याएवढा होता. परत येताना तेच तेच बोलत राहिले. कंडक्टर रंग सांगायचा, उभा कसा ते सांगायचा, पण एवढा मोठा असतो हे सांगायचं राहूनच गेलं त्याचं. मला इतका आनंद झाला होता की मासे घ्यायचंच विसरले. आईनेही त्या दिवशी काही विचारलं नाही.

तो हिवाळा आणि पुढचा पावसाळा आमचा मजेत गेला. भातात गायबगळे उतरले की बाबा उतारू उतरले म्हणायचे. नवीन पक्षी दिसला की काकांच्या चालीवर नाव ठेवायचे. सतत मान खाली घालून फिरणारा, वाकड्या चोचीचा कुदळ्या डेपोतला शिपाई झाला, तिकीट विचारायच्या आधीच ओरडणारी टिटवी पासवाली झाली. एकदा सहज त्यांनी सांगून टाकलं, की काकांचे अर्धे बगळे खोटेच असायचे. मला धक्काच बसला. दुपारची फेरी, जेवून बसलेला ड्रायव्हर, समोर सरळ रस्ता. डोळा लागू नये म्हणून काका काहीबाही सांगत राहायचे. मिठागराच्या वळणावर तर दर फेरीला डाव्या हाताला चेकर असायचाच. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? बाबा म्हणाले, दर दुपारी त्याच जाग्यार उभो रवणारो बगळो खंय आसता? पण बरा वाटायचा ऐकूक.

यंदाच्या थंडीत टकटक कमी होत गेली. मी पहिल्यांदा मनावर घेतलं नाही. वाटलं, पक्षीच कमी आलेत. पण मीच गुपचूप आरशातून, पुलावर गाडी हळू करून बघायची, तेव्हा पक्षी दिसायचे. बाबा मान वळवायचे, खांद्यापर्यंत, त्याच्याही पलीकडे, आणि पुन्हा समोर बघायचे. डॉक्टरांनी थेंब बदलले होते. आम्ही त्यावर घरात बोलत नव्हतो.

गेल्या रविवारी मिठागराच्या वळणावर एक टकटक झाली.

"चेकर. डाव्या हाताक."

मी गाडी कडेला घेतली. डावीकडे वाफे कोरडे पडले होते. बांध रिकामा, पाणी अडवायची फळी रिकामी. काठी नाही, गोणी नाही, चुकून बगळा वाटावं असं काहीसुद्धा नाही. उजवीकडच्या वाफ्यात मात्र शेकाट्यांचा मोठा थवा उभा होता, लाल पाय पाण्यात उलटे दिसत होते, आणि तिकडे बाबांचं लक्षच नव्हतं.

"दिसलो?" त्यांनी विचारलं.

मला पक्ष्यांच्या बाबतीत खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, नाही बाबानू, थंय कोण नाय.

त्यांनी हात मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तुका झोप येय होती. म्हणान सांगलंय."

सकाळचं लख्ख ऊन होतं. मला झोप कुठली? पण मी म्हटलं, हो, येत होती जराशी. वर एक जांभईही दिली. गाडी उभी होती, म्हणजे ड्रायव्हरने बाहेर बघायला हरकत नव्हती. मी उजवीकडे बघून त्यांना सांगितलं, की उभे प्रवासी आहेत, खूप आहेत, पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आहे, आणि एक मधूनच पळतोय. आकारही सांगितला. मोठे नाहीत, कबुतराएवढं अंग, बाकी सगळे पायच.

बाबा समोर रस्त्याकडे बघत होते.

"बरे आसत," ते म्हणाले, आणि डॅशबोर्डवर दोनदा टकटक केली.