काकांचा शिरूरकडचा कान

आमच्या पाटोद्याच्या काकांनी उभ्या आयुष्यात एकाही यंत्रावर विश्वास ठेवला नाही. मनगटावर घड्याळ असे, पण वेळ ते बीडच्या एस.टी.वरून ठरवत आणि एस.टी. उशिरा आली की घड्याळ मागे घेत. का, तर एस.टी. निदान माणूस चालवतो. अंगात ताप आहे की नाही हे ते थर्मामीटरला नव्हे, बायकोच्या तळहाताला विचारत. टेलिफोन खात्यात तांब्याच्या तारांवर तीस वर्षं काढल्यामुळे त्यांचा भरवसा होता तो फक्त स्वतःच्या दोन कानांवर. रिसीव्हर लावून, डोळे मिटून ते सांगत की पुढच्या वळणावर तार बाभळीला घासतेय, किंवा अमुक पेटीत पाल शिरलीय. माणसं जाऊन बघत, तर खरोखरच पाल असे. हे काका माझ्या हाताखाली होते, असं निदान कागदावर लिहिलेलं होतं. मी नवाकोरा कनिष्ठ अभियंता, आणि काका मला ‘साहेब’ म्हणून त्याच दमात झापून काढत.

गावोगाव एस.टी.डी. बूथच्या पिवळ्या पाट्या लागू लागल्या, त्या दिवसांत आमच्याकडे काचेच्या तारेची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची, रिंग आली. बीडहून लिंबागणेश, तिथून पाटोदा, पुढे शिरूर कासार आणि फिरून बीड. एकीकडे केबल तुटली तर बोलणं उलट्या बाजूनं वळसा घालून पोचावं, अशी सोय. ती सुरू करण्याआधी दर दोन स्टेशनांमधली लिंक तपासायची होती. यंत्र चोवीस तास चुका मोजत बसे, आणि शेवटी दोन्ही टोकांची माणसं एका खास रिसीव्हरवरून एकमेकांशी बोलून पाहत. काकांच्या लेखी खरी तपासणी ती एवढीच. त्या दिवशी ते भाकरीबरोबर कांदा खात नसत, कारण तोंडाचा वास रिसीव्हरला लागतो. हात धुऊन, कपाळाला भस्म लावून बसत. समोरच्यानं झोपलेल्या लेकराशेजारी बोलावं तसं हळू बोलायचं. “वरडल्यालं तर शिवंच्या पल्याडबी ऐकू जातंय, त्याला खातं कशाला पायजे,” असं ते म्हणत. आणि बोलायचं काय, तर सकाळपासून काय काय खाल्लं ते. लिंबागणेशच्या माणसानं एकदा नुसतंच ‘जेवलो’ म्हणून सांगितलं, तर भाजी कोणती होती हे कळेपर्यंत काकांनी लिंक अडवून धरली. त्यात पाटोद्याच्या यंत्राच्या कपाटाला रिसीव्हर दोन, उजवीकडे लिंबागणेशचा आणि डावीकडे शिरूरचा. काकांनी उजवा कान लिंबागणेशला दिला होता, डावा शिरूरला. एका कानाला दोन गावांची सवय लावली की तो बिघडतो, हा त्यांचा सिद्धांत.

तर ही शिरूरची लिंक काही केल्या काकांकडून पास होईना. यंत्राच्या कागदावर एकही चूक नव्हती, पण काका म्हणत, आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. त्यांच्या सहीशिवाय रिंग सुरू करता येत नव्हती आणि दसरा तोंडावर आला होता. सण झाला की शिरूरच्या टोळ्या ऊसतोडीला निघणार. त्याआधी बूथ चालू झाले तर कारखान्यावरून घरी चार शब्द बोलता येतील, म्हणून अख्खं शिरूर वाट बघत होतं. काकांचा धाकटा भाऊ त्याच टोळ्यांत जाई आणि आई मागे शिरूरला एकटी राही, म्हणजे घाई सगळ्यांत जास्त काकांनाच. तरी त्यांचा हात सहीला रेटेना. मी कार्ड बदललं, केबलचा जोड उघडून पुन्हा घातला. शिरूरच्या माणसाचं पिठल्यापासून गुळाच्या चहापर्यंत सगळं सांगून संपलं. शेवटी मी चिडून सही मागितली, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “माझ्याच मायला मुकी लाइन देऊ व्हय, साहेब?”

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी, निव्वळ वैतागून, मी म्हणालो की काका, तो रिसीव्हर एकदा उजव्या कानाला लावून तर बघा. ते बराच वेळ तयार नव्हते. मग लावला. शिरूरच्या माणसानं हळूच सांगितलं की आज शेंगदाण्याची चटणी होती, आणि काकांनी मिटलेले डोळे उघडले. त्यांनी रिसीव्हर डाव्या कानाला नेला, परत उजव्या, परत डाव्या. मग लिंबागणेशचा उचलून तोही डाव्या कानाला लावून पाहिला आणि जागेवर ठेवला. मला काय ते कळलं आणि स्वतःच्या वैतागाची लाज वाटली.

मी म्हटलं, सही करून टाका, कुणाला काही कळायचं नाही. काकांनी सही केली आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘लिंक उत्तम. दोष तपासणाऱ्याच्या डाव्या कानात.’ हा कागद बीडला जाईल, तुम्हाला तपासणीवरून काढतील, तेवढं खोडा, म्हणून मी अक्षरशः हात जोडले.

“तीस वरसं लायनींचे दोष लिवले,” ते म्हणाले. “सवताचा काहून लपवू?”

दसऱ्याआधी शिरूरचे बूथ सुरू झाले आणि काकांची बदली बीडच्या भांडारात झाली. तिथं नटबोल्ट आणि केबलची रिळं होती, ऐकण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना भेटायला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो? डाव्या कानावर आता इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मात्र माझ्या कानावर आलं होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी पाटोद्याला फोन वाजला. काका शिरूरच्या बूथवरून बोलत होते. नुकताच कारखान्यावरून भावाचा फोन आला होता आणि आई पोटभर बोलली होती, ती हळू बोललेलं सगळं त्याला पोचलं होतं. मग ते म्हणाले, “आन् साहेब, आत्ता डाव्याच कानाला लावलाय. लई साफ येतंय. तुमी मनाला लावून घिऊ नका.”

तीस वर्षांच्या नोकरीत काकांनी दिलेला तो एकच खोटा अहवाल. मी म्हणालो, “हो काका, लिंक पास आहे,” आणि त्यांनी ठेवेपर्यंत रिसीव्हर धरून उभा राहिलो.